डाग हॅमरशोल्ड : तटस्थतेची कसोटी

दुभंगलेल्या देशात बाहेरून आलेला मध्यस्थ खरोखर तटस्थ राहू शकतो का? हा प्रश्न मनाशी धरून आपण डाग हॅमरशोल्ड यांच्या चरित्राकडे वळू.

त्यांचा जन्म १९०५ मध्ये स्वीडनमध्ये झाला. वडील पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या देशाचे पंतप्रधान होते. बालपण उप्साला या विद्यापीठनगरीत गेले. अर्थशास्त्राचे अध्ययन करून ते शासनसेवेत आले आणि १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झाले. चीनच्या कैदेतील अमेरिकी वैमानिकांच्या सुटकेसाठी ते स्वतः पेकिंगला गेले. १९५६ च्या सुवेझ पेचप्रसंगात शांतिसेना उभारण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

त्यांची खरी कसोटी मात्र काँगोत लागली. ३० जून १९६० रोजी हा देश बेल्जियमच्या सत्तेतून मुक्त झाला. काही दिवसांतच सैन्याने बंड केले, बेल्जियमने फौजा उतरवल्या आणि ११ जुलैला खनिजसंपन्न कटांगा प्रांत फुटून निघाला. राष्ट्रसंघाची सेना काँगोत आली. परंतु तिने बळाने कटांगा जिंकून द्यावा, ही पंतप्रधान लुमुंबा यांची मागणी हॅमरशोल्ड यांनी मान्य केली नाही. अंतर्गत संघर्षात कोणाचाही पक्ष घ्यायचा नाही, ही त्यांची भूमिका होती.

येथील पेच आपण नीट लक्षात घ्यावा. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष कासावुबू यांनी लुमुंबांना पदच्युत केले, तेव्हा राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांनी राजधानीतील आकाशवाणी केंद्र बंद केले. नियम दोघांना सारखाच होता. पण कासावुबूंना नदीपलीकडील ब्राझाव्हिलचे केंद्र खुले होते, लुमुंबांना नव्हते. जानेवारी १९६१ मध्ये लुमुंबांची कटांगात हत्या झाली. सोव्हिएत संघाने हॅमरशोल्ड यांचा राजीनामा मागितला. त्यांनी पद सोडले नाही. या संघटनेची खरी गरज लहान राष्ट्रांना आहे, अशी त्यांची धारणा होती.

कटांगाचे नेते शोंबे यांच्याशी शस्त्रसंधीची बोलणी करण्यासाठी जात असताना, १७-१८ सप्टेंबर १९६१ च्या रात्री एन्डोलाजवळ त्यांचे विमान कोसळले. त्याच वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मरणोत्तर देण्यात आले. कटांगाची फुटीरता १९६३ च्या जानेवारीत संपली.

आता स्वतःशी विचार करा : समान नियम असमान परिस्थितीत लावला, तर तो न्याय ठरतो का? आपले उत्तर चरित्रातील प्रसंगांच्या आधारे लिहा.