दुवालिए आणि दायित्वाचा प्रश्न

हैतीचे अध्यक्ष फ्रान्स्वा दुवालिए यांच्या निधनाला अर्धशतक उलटले. परंतु त्यांच्या राजवटीतील रक्तपाताचे दायित्व कोणाचे, हा वाद शमलेला नाही. १९०७ साली पोर्ट-ओ-प्रिन्स येथे जन्मलेले दुवालिए पेशाने डॉक्टर होते. यॉज या रोगाविरुद्धच्या मोहिमेत ते खेडोपाडी हिंडले आणि गोरगरिबांचे ‘पापा डॉक’ झाले. १९५७ च्या निवडणुकीत ते विजयी झाले, तेव्हा उपेक्षित कृष्णवर्णीय जनतेला आपला माणूस सत्तेवर आल्यासारखे वाटले, यात नवल नव्हते.

हिंसा त्यांना वारशाने मिळाली, असे त्यांचे समर्थक म्हणतात. १९१५ ते १९३४ हा देश अमेरिकन फौजांच्या ताब्यात होता. त्यांनी घडविलेले सैन्यच पुढे सरकारे उलथवू लागले. १९५८ च्या जुलैत दुवालिए यांच्याविरुद्धही बंड झाले. तेव्हा त्यांनी स्वसंरक्षणार्थ पथके उभारली आणि अतिरेक केला तो अनुयायांनी, असा हा युक्तिवाद. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध टिकत नाही.

मुलांना पोत्यात घालून नेणाऱ्या बागुलबुवावरून लोकांनी या पथकांना ‘तोंतों माकूत’ म्हटले. त्यांतील बहुतेकांना वेतन नव्हते; खंडणी हीच त्यांची मिळकत. जेथे शिपायाची भाकरी दहशतीवर अवलंबून असते, तेथे अत्याचार हा अपवाद उरत नाही. तो राज्याचा अर्थव्यवहारच बनतो. पथकांचा प्रमुख क्लेमां बार्बो डोईजड होताच १९६० मध्ये त्याला तुरुंगात डांबण्यात आले. सुटकेनंतर त्याने बंड पुकारले, तेव्हा १९६३ मध्ये तो मारला गेला. म्हणजे आवरण्याचे सामर्थ्य अध्यक्षांपाशी होते. परंतु १९६४ मध्ये जेरेमी येथे बंडखोरांच्या आप्तांची बायकामुलांसह कत्तल झाली, तेव्हा त्यांनी कोणाला जाब विचारला नाही. १९६७ मध्ये फोर्ट दिमांश येथे १९ लष्करी अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या, त्या वेळी तर ते जातीने हजर होते.

१९६४ मध्ये तहहयात अध्यक्ष झालेल्या दुवालिए यांनी १९७१ च्या आरंभी घटना बदलून १९ वर्षांच्या पुत्राचा मार्ग मोकळा केला आणि एप्रिलमध्ये देह ठेवला. तोवर असंख्य डॉक्टर व शिक्षक परागंदा झाले होते. १९८६ मध्ये पुत्राची सत्ता कोसळताच जमावाने पित्याचे थडगे फोडले. तो न्याय नव्हे. न्यायालये पोकळ झाल्यावर उरणारा तो संताप होता. वारशाने दुवालिए यांच्या हाती शस्त्र दिले हे मान्य करावे. ते कोणावर आणि किती काळ चालवायचे, हा निर्णय मात्र त्यांचाच होता.