घर्षणास तराजूत घालणारा प्रोनी

वऱ्हाडात कापसाचा हंगाम आला की अकोला व अमरावती येथील जिनांची चाके फिरू लागतात. इंजिन किती घोड्यांचे, असे आपण सहज विचारतो. परंतु ही घोड्यांची संख्या ठरवावी कशी, हे फारसे कोणी विचारीत नाही. तो मार्ग दाखविणाऱ्या गास्पार द प्रोनी ह्या फ्रेंच विद्वानाचे चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यात सादर करीत आहो.

प्रोनी ह्यांचा जन्म २२ जुलै १७५५ रोजी शामले गावी झाला. पॅरिसच्या पूल-रस्ते विद्यालयात शिकून त्यांनी पेरोने ह्या प्रख्यात स्थापत्यविशारदाच्या हाताखाली सेन नदीवरील पुलाचे काम केले. राज्यक्रांतीनंतर नव्या दशमान पद्धतीची लॉगरिथम-कोष्टके करण्याचा भार त्यांजवर पडला. अ‍ॅडम स्मिथच्या ग्रंथातील टाचण्यांच्या कारखान्याप्रमाणे त्यांनी गणिताचीही कामे वाटून दिली. थोडे गणिती सूत्रे ठरवीत आणि बाकीचे पुष्कळ जण केवळ बेरीज-वजाबाकी करीत. ह्यांत उमरावांच्या अभावी बेकार झालेले न्हावीही होते, असे सांगतात. हस्तलिखित खंड सतरा झाले. परंतु त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाहीत. एवढे श्रम कपाटात पडून राहिलेले पाहणे त्यांस किती जड गेले असेल! १७९८ मध्ये ईजिप्तच्या स्वारीस येण्याचे नाकारून त्यांनी नेपोलियनची नाराजीही पत्करली.

पासष्टी उलटल्यावर, १८२१ मध्ये, त्यांनी आपला प्रसिद्ध ब्रेक योजिला. इंजिनाने वजन उचलावे तर दोर संपताच परीक्षा संपते; बराच वेळ एकसारखा भार देण्यास घर्षणच हवे. पण घर्षणासारखे लहरी दुसरे काय? लाकूड तापले, तेल लागले, की ते बदलते. प्रोनी ह्यांनी चाकावर लाकडाचे दोन ठोकळे मळसूत्रांनी आवळले व त्यांस एक लांब दांडा जोडला. चाक दांड्यास आपल्याबरोबर वर नेऊ पाहते. टोकास टांगलेले वजन त्यास खाली ओढते. दांडा वर गेला तर मळसूत्र किंचित सैल करावे, खाली आला तर आवळावे. तो आडवा तरंगत राहिला म्हणजे घर्षणाचा पीळ वजन गुणिले दांड्याची लांबी एवढाच असतो. अधिक भार हवा असल्यास वजन वाढवावे. घर्षण मुळात किती, हे जाणण्याची गरजच उरली नाही. ह्यातच खरी बुद्धिमत्ता आहे, असे आम्हांस वाटते.

दांडा ३ फूट, वजन ५० पौंड व फेरे मिनिटास २२० असल्यास शक्ती सुमारे सव्वासहा घोड्यांची भरते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. एक घोडा म्हणजे मिनिटास ३३,००० फूट-पौंड. मात्र ही सारी शक्ती उष्णतेत जाते. ठोकळे धुमसू लागतात, म्हणून पाणी घालावे लागते व मळसूत्रावरचा हात क्षणभरही काढता येत नाही. मोठ्या यंत्रांसाठी पुढे पाण्याचे व विजेचे ब्रेक निघाले ते ह्याच अडचणीमुळे.

१८२८ मध्ये प्रोनी ह्यांस बॅरन ही पदवी मिळाली. २९ जुलै १८३९ रोजी पॅरिसजवळील आस्निएर येथे त्यांचे देहावसान झाले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे.