परळच्या शस्त्रक्रियागृहातील ते तीन तास

बीड जिल्ह्यातून हृदयाच्या मोठ्या उपचारासाठी निघालेल्या रुग्णांपैकी अनेकांची वाट आजही मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयापाशी येऊन थांबते. कागदपत्रांची पिशवी सांभाळत बाह्यरुग्ण विभागापुढे बसलेल्या नातेवाइकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की भारतात मानवी हृदयाच्या प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न याच रुग्णालयात झाला होता. तो करणाऱ्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नावही आता वैद्यकीय वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते.

७ डिसेंबर १९१५ रोजी जन्मलेले डॉ. सेन जन्माने बंगाली आणि कर्माने मुंबईकर. केईएम रुग्णालय आणि त्याला संलग्न असलेले सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय हीच त्यांची कर्मभूमी. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन आले. परतल्यावर त्यांनी हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेला वाहून घेतले.

त्या काळी हृदयाला सुरी लावणे हे धाडसच मानले जाई. मूठभर आकाराचा आणि सुमारे तीनशे ग्रॅम वजनाचा हा स्नायू दिवसाकाठी लाखभर वेळा आकुंचन पावतो आणि मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतो. त्याच्या चार कप्प्यांमधील झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. बालपणी घसा दुखण्याचे निमित्त होऊन येणारा सांधेदुखीचा ताप पुढे याच झडपा आक्रसून टाकतो. दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांमध्ये हा विकार अधिक. धडधडत्या हृदयात बोट घालून अशी चिकटलेली झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया डॉ. सेन यांनी पन्नाशीच्या दशकात मुंबईत रुजविल्या.

त्यांची कल्पकता मात्र एवढ्यावर थांबणारी नव्हती. माणसाच्या हृदयाच्या भिंतीला रक्त मिळते ते बाहेरून पसरलेल्या धमन्यांतून. त्या तुंबल्या की झटका येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र हृदयाच्या पोकळीतील रक्त थेट भिंतीत झिरपते. हे हेरून स्नायूला सुईने सूक्ष्म छिद्रे पाडून रक्त पोहोचविण्याची पद्धत त्यांनी सुचविली. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रबंध पुढे लेसरच्या साह्याने अशीच छिद्रे पाडणाऱ्या संशोधकांना मार्गदर्शक ठरला.

दरम्यान, प्राण्यांवर हृदय प्रत्यारोपणाचे प्रयोग सुरू होतेच. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, डॉ. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शेतकरी तरुणावर ही शस्त्रक्रिया केली. जगातील हे सहावे प्रत्यारोपण. ते करणारे सेन चौथे शल्यविशारद.

नवे हृदय धडधडू लागले. पण सुमारे तीन तासच. हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे अगदी कमी दाबाने रक्त पाठविते. दीर्घ आजारात या रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विरोध वाढला होता. निरोगी शरीरातून आलेल्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला एवढ्या दाबाविरुद्ध काम करण्याची सवय नव्हती. ते थकले आणि थांबले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये केलेल्या दुसऱ्या प्रयत्नातील रुग्णही काही तासांपलीकडे जगू शकला नाही.

हे अपयश एकट्या मुंबईचे नव्हते. १९६८ मध्ये जगभरात शंभरच्या आसपास हृदये बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण वर्ष पूर्ण करू शकले नाहीत. परके अवयव शरीराने नाकारू नयेत यासाठी प्रभावी औषध हाताशी नव्हते. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता भारतात मिळाली ती १९९४ मध्ये, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले.

ते पाहायला डॉ. सेन नव्हते. १९६९ मध्ये पद्मभूषणने गौरविल्या गेलेल्या आणि कुंचल्यातही रमणाऱ्या या शल्यविशारदाचे १९८२ मध्ये निधन झाले. त्यांनी घडविलेल्या विद्यार्थ्यांनी मात्र हृदयशस्त्रक्रिया पुढे नेली. आज प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तदाब आणि विरोध आवर्जून मोजला जातो. तो प्रमाणाबाहेर असल्यास केवळ हृदय बदलण्याचा निर्णय घेतला जात नाही. परळच्या शस्त्रक्रियागृहातील त्या रात्रीने आणि जगभरातील तशाच अपयशांनी शिकविलेला हा धडा आहे. त्याची किंमत त्या शेतकरी तरुणाने मोजली होती.