विश्लेषण : आरोप खुनांचे, शिक्षा करचोरीची! अल कपोनच्या टोळीने शिकागोला कसे वेठीस धरले?

टोळी म्हटले की बंदुका आणि गोळीबार आठवतो. पण टोळीचा मोठा धोका वेगळाच असतो. पोलीस, निवडणूक आणि न्यायालय या तिन्हींवरचा लोकांचा विश्वास ती संपवते. १९२०च्या दशकातील शिकागो हे त्याचे ठळक उदाहरण, आणि अल कपोन हा त्याचा चेहरा.

कोण होता अल कपोन?

कपोनचा जन्म १७ जानेवारी १८९९ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात झाला. आईवडील इटलीतून आलेले, वडील केशकर्तनकार. शिक्षिकेवर हात उगारल्यानंतर १४व्या वर्षी त्याची शाळा सुटली. वस्तीतल्या टोळ्यांत तो रमला आणि जॉनी टोरियो या गुंडाच्या हाताखाली तयार झाला. एका बारमध्ये तरुणीविषयी अश्लील शेरा मारल्याने तिच्या भावाने त्याच्या गालावर चाकूचे वार केले. त्या व्रणांमुळे त्याला ‘स्कारफेस’ हे नाव चिकटले. पुढे टोरियोच्या बोलावण्यावरून तो शिकागोला गेला.

दारूबंदीचा फायदा कसा झाला?

१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. मागणी मात्र कायम होती. कायदेशीर विक्रेते बाजूला झाले आणि ती जागा टोळ्यांनी घेतली. दारू गाळणे, ट्रकने पोहोचवणे, अड्ड्यांना विकणे आणि पोलिसांना हप्ते देणे असा सगळा धंदाच उभा राहिला. १९२५ मध्ये गोळीबारात जबर जखमी झालेल्या टोरियोने सूत्रे कपोनकडे सोपवली. तेव्हा कपोन अवघा २६ वर्षांचा होता.

सामान्यांना काय भोगावे लागले?

एप्रिल १९२४ मध्ये शिकागोलगतच्या सिसेरो गावात निवडणूक झाली. टोळीचे हत्यारबंद लोक मतदान केंद्रांवर उभे राहिले, मतदारांना धमकावले गेले. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात कपोनचा भाऊ फ्रँक मारला गेला. तरीही टोळीला हवे ते उमेदवार निवडून आले आणि गाव तिच्या ताब्यात गेले.

१९२६ मध्ये सिसेरोतच विल्यम मॅकस्विगिन या तरुण सरकारी वकिलाची गोळ्या घालून हत्या झाली. संशय कपोनवर होता, पण आरोप सिद्ध झाला नाही. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभे केले गेले आणि गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्यांपैकी काही जण पोलिसी गणवेशात होते. कपोन त्या वेळी फ्लोरिडात होता. या हत्याकांडासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. खरे पोलीस कोणते आणि खोटे कोणते, हेच कळेनासे झाले तर साक्ष द्यायला पुढे कोण येणार?

तरीही तो लोकप्रिय कसा?

मंदीत कपोनने बेरोजगारांसाठी मोफत जेवणाचे केंद्र उघडले. अनेकांना तो गरिबांचा कैवारी वाटू लागला. टोळ्यांची ही जुनीच पद्धत आहे. आधी वस्तीत भीती पसरवायची, मग मदत करून तोंड बंद ठेवायचे.

अखेर तो अडकला कसा?

बेकायदा उत्पन्नावरही कर भरावाच लागतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये दिला. कर विभागाचे अधिकारी फ्रँक विल्सन यांना जुन्या जप्त कागदपत्रांत जुगारअड्ड्याच्या हिशेबवह्या सापडल्या. मॅकस्विगिन यांच्या हत्येनंतरच्या छाप्यात त्या हाती लागल्या होत्या आणि वर्षानुवर्षे सरकारी कपाटात पडून होत्या. खटल्याआधी ज्युरींना फितवण्याचा डाव कळताच न्यायाधीश जेम्स विल्करसन यांनी आयत्या वेळी अख्खी ज्युरीच बदलली. ऑक्टोबर १९३१ मध्ये कपोनला ११ वर्षांची कैद आणि ५० हजार डॉलरचा दंड झाला.

पुढे काय झाले?

आधी अटलांटा आणि मग अल्काट्राझच्या तुरुंगात राहून तो १९३९ मध्ये सुटला. सिफिलिसने त्याचा मेंदू निकामी होत गेला होता. २५ जानेवारी १९४७ रोजी वयाच्या ४८व्या वर्षी फ्लोरिडात त्याचा मृत्यू झाला.

१९३३ मध्ये दारूबंदी उठली, पण टोळी संपली नाही. ती जुगार आणि कामगार संघटनांकडे वळली. म्हणूनच म्होरक्याला अटक झाली म्हणजे टोळी संपली, असे होत नाही. पैशाची वाट, विकली जाणारी वर्दी आणि शाळा सुटलेली मुले हे तीन स्रोत चालू राहिले, तर जुन्या खुर्चीवर नवा माणूस बसतो.