सत्तेवरून उतरल्यावर: वसंतराव नाईक

महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सलग अकरा वर्षांहून अधिक काळ सांभाळणाऱ्या वसंतराव नाईक यांना ते पद कधी सोडायचे, हे ठरविण्याची मुभा मात्र मिळाली नाही. १९७५ च्या फेब्रुवारीत दिल्लीतील पक्षश्रेष्ठींनी नेतृत्वबदलाचा निर्णय घेतला आणि शंकरराव चव्हाण त्यांच्या जागी आले. वसंतरावांचे वय तेव्हा ६१ वर्षांचे होते.

पुसदजवळच्या गहुली या बंजारा तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. नागपुरात शिक्षण घेऊन ते वकील झाले. १९४१ मध्ये वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्या काळात हे धाडसच होते. पुसदचे नगराध्यक्षपद, पुढे १९५२ पासून आमदारकी, मध्य प्रदेशात उपमंत्रिपद आणि नंतर मुंबई राज्यात मंत्रिपद असा त्यांचा प्रवास झाला. कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले.

शेती हा त्यांच्या कारभाराचा गाभा होता. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावी, असे त्यांनी १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर केले होते. संकरित ज्वारीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. राहुरी, अकोला आणि परभणी येथील कृषी विद्यापीठे त्यांच्याच काळात उभी राहिली. १९७२ ची निवडणूक त्यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने मोठ्या बहुमताने जिंकली. सन्मानाने निवृत्त व्हायला तो क्षण कदाचित योग्य ठरला असता. पण त्याच वर्षी भीषण दुष्काळ कोसळला. रोजगार हमीची कल्पना प्रत्यक्षात आली, लाखो हातांना कामे मिळाली. टीकाही झाली, आणि पक्षातील विरोधकांना बळ मिळत गेले.

त्यांच्या आधीच्या दोन मुख्यमंत्र्यांपैकी यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जावे लागले, तर कन्नमवारांचे पदावर असतानाच निधन झाले. पद गेल्यानंतरही महाराष्ट्रातच राहून कसे वागायचे, याचा कित्ता वसंतरावांसमोर नव्हता. त्यांनी बंडाचे निशाण उभारले नाही. हाती पाइप घेऊन शेतकऱ्यांशी पिकांविषयी बोलण्यात रमणारा हा माणूस सत्तेबाहेरही तोच राहिला.

तरीही ते निवृत्त झाले, असे म्हणता येणार नाही. १९७७ मध्ये आणीबाणीनंतर देशभर काँग्रेसची धूळधाण होत असताना ते वाशीममधून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते खासदारच होते. ती लोकसभा चारच दिवसांनी विसर्जित झाली. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले, पण त्यांना पावणेदोन वर्षेही पूर्ण करता आली नाहीत.