औंधचे राजे भवानराव : गादीवर बसून गावाच्या हाती कारभार देणारा माणूस

ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीची निवडणूक लागली की गल्लोगल्ली बॅनर झळकतात. गुलाल उधळला जातो. पण निवडून आलेला सदस्य म्हणजे नेमकं कोण? गावाचा साहेब, की गावाने सोपवलेल्या अमानतीचा राखणदार? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात औंध आहे. तिथल्या एका राजाची ही गोष्ट आपल्या मुलांनाही माहीत असायला हवी.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. १९०९ साली ते औंधच्या गादीवर आले. संस्थान छोटंसं, ७२ गावांचं, आणि तेही एकसलग नाही. औंध एकीकडे, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ थेट विजापूरच्या बाजूला. आटपाडीचा माणदेश तर कायम पावसाची वाट बघणारा मुलूख.

राजेसाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तन करायचे. बेळगावातून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० साली जागा दिली, तिथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधचं संग्रहालय आजही त्यांच्या आवडीची साक्ष देतं.

पण खरं मोठं काम पुढेच आहे. १९३८ साली देशभरातल्या संस्थानांत प्रजा जबाबदार राज्यपद्धती मागत होती. काही ठिकाणी तिला लाठ्या खाव्या लागल्या. औंधच्या राजाने मात्र आपणहून कारभार प्रजेकडे द्यायचं ठरवलं. मुलगा अप्पासाहेब पंत नुकताच विलायतेहून शिकून आला होता. सोबतीला मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू इंजिनिअर होते, भारतानंद या नावाने ओळखले जाणारे. तिघांनी गांधीजींचा सल्ला घेतला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना लागू झाली.

तिची रचना साधी होती, पण उलटी. सत्ता वरून खाली झिरपायची नाही, खालून वर चढायची. गावाने आपले पंच निवडायचे. गावागावांचे प्रमुख मिळून तालुक्याचा कारभार बघायचे आणि तालुक्यातून प्रतिनिधी संस्थानच्या विधिमंडळात जायचे. शाळा, पाणी, रस्ता, भांडणतंटा, सगळं आधी गावातच. कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा इन्साफ गावात मिळावा, हा त्यामागचा विचार.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत. गुन्हेगारांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचं, आणि भरवशाला जागायचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला.

आता दुसरी बाजूही बघायला हवी. हे स्वराज्य लोकांनी भांडून घेतलेलं नव्हतं, राजाने दिलेलं होतं. आणि त्याला वेळही थोडा मिळाला. मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि नऊ वर्षांतच प्रयोग आटोपला. १९५१ साली भवानरावही गेले. अप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले.

पंचायतींना राज्यघटनेचं पक्कं बळ मिळायला मग १९९३ साल उजाडलं. ७३ वी घटनादुरुस्ती आली, महिला आणि मागास समाजांसाठी जागा राखीव झाल्या. आज आपल्या वस्तीतले भाऊ-बहिणीही सदस्य म्हणून निवडून येतात. त्यांच्या हातात जो शिक्का आहे, तो एका राजाने आपल्या हातून सोडून दाखवला होता. म्हणून सदस्याने ग्रामसभा टाळू नये, हिशेब लपवू नये. आणि आपणही मत देऊन घरी बसू नये. ग्रामसभेला जावं, उभं राहून विचारावं. खुर्ची पाच वर्षांची असते, अमानतीचा हिशेब मात्र द्यावाच लागतो.