शिशाच्या फौजेचा सेनापती

कालयंत्र, अदृश्य माणूस आणि मंगळावरून उतरलेले आक्रमक या कल्पनांनी जगाला वेड लावणारे इंग्रज लेखक हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांच्या चरित्रातील एक प्रकरण आपल्याकडे फारसे परिचित नाही. कीर्तीच्या शिखरावर असलेला हा चाळिशीपुढचा गृहस्थ जमिनीवर पालथा पडून, स्प्रिंगच्या तोफेने शिशाचे सैनिक टिपण्यात रमून जात असे.

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंटमधील ब्रॉम्ली येथे झाला. वडील जोसेफ चिनी मातीची भांडी व क्रिकेटचे साहित्य विकत आणि केंटतर्फे गोलंदाजीही करीत. १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले होते! दुकान मात्र कधी नीट चालले नाही. १८७४ मध्ये पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या लहानग्या हर्बर्टला पुस्तकांचा लळा लागला. पुढे कापडाच्या दुकानातील उमेदवारीत तो पुरता कंटाळला. शिष्यवृत्तीच्या बळावर तो लंडनला पोहोचला आणि टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला. १८९५ ते १८९८ या अवघ्या चार वर्षांत त्याच्या सर्वाधिक गाजलेल्या विज्ञानकादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या.

सँडगेट येथील घरात हा खेळ आकाराला आला. ब्रिटन कंपनीने १८९३ पासून पोकळ ओतकामाचे सैनिक बनविण्यास प्रारंभ केला होता. साच्यात ओतलेले वितळलेले शिसे लगेच बाहेर काढून टाकल्याने आत पातळ कवच तेवढे उरे. त्यामुळे सैनिक हलके आणि स्वस्त झाले. त्याच कंपनीची छोटी तोफ इंचभर लाकडी गोळा अचूक फेकत असे. १९१३ मध्ये वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिले. ते बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांसाठी असल्याची ग्वाही शीर्षकातच होती. मुलींना मात्र हुशार असण्याची अट होती, हे आज खटकते. नियम साधे होते. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट सरकणार. तोफेजवळ किमान चार सैनिक नसतील तर ती डागता येणार नाही. फासे नाहीत, नेम लागला तर शिपाई खरोखरच आडवा होणार.

विशेष म्हणजे हे सारे मांडणारा लेखक युद्धविरोधी होता. खऱ्या युद्धाची खुमखुमी असलेल्यांनी आपली हौस खेळघरातच भागवावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. वर्षभरातच, ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. तेव्हा त्याच वेल्स यांनी हे युद्ध सर्व युद्धांचा अंत करील, असे सांगत त्याचे जोरदार समर्थन केले. १९१८ मध्ये शत्रूराष्ट्रांविरुद्धच्या प्रचारकार्यातही त्यांनी काम केले. त्यांच्या आयुष्यातील ही सर्वांत मोठी विसंगती होय. पुढे त्यांचा पुरता भ्रमनिरास झाला. आधुनिक युद्धातील संहार त्यांनी आधीच कल्पिला होता, हे विसरता येत नाही. अणुबॉम्ब हा शब्द त्यांच्या १९१४ मधील कादंबरीतच आढळतो. हिरोशिमानंतर अवघ्या वर्षभराने, १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

खेळ मात्र टिकला. लघुसैनिकांच्या युद्धखेळाचा जनक म्हणून शौकीन आजही वेल्स यांचेच नाव घेतात. ठरावीक मुदतीत एखादी जुनी फौज रंगवून पूर्ण करण्याची पैज ही मंडळी आपसात लावतात. मोडके हात-पाय आणि बंदुका जोडायच्या, पोपडे खरवडायचे, अस्तराचा हात द्यायचा आणि मग लाल डगला, काळी विजार, गालांवर गुलाबी ठिपका. शेवटी जुन्या खेळण्यासारखी चकाकी येण्यासाठी वॉर्निश. संग्राहकांना हा उद्योग मुळीच रुचत नाही, कारण नव्याने रंगविलेल्या ब्रिटन सैनिकाची बाजारातील किंमत घसरते. खेळणारे तिकडे फारसे लक्ष देत नाहीत.